वेचणीत न सापडलेले

डॉ. इरावती काळमेघ यांच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्याला आधी तंतुओढ यंत्र दाखवलं जायचं आणि मगच चहा मिळायचा. हा क्रम मंत्र्यांनाही चुकला नव्हता. काचेच्या पेटीत एक सुई, सुईच्या टोकाशी चिकट द्रावणाचा थेंब, आणि त्या थेंबावर विजेचा प्रचंड दाब. त्या दाबाखाली थेंबातून तार सुटायची आणि समोरच्या पत्र्यावर सायीसारखी जमत जायची. जत्रेत म्हातारीचे केस काढतात तसाच प्रकार; फरक एवढाच की ही तार माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी बारीक. या अब्जांश, म्हणजे नॅनो, तंतूंवर इरावतीबाईंची सगळी हयात गेली होती, आणि ती वाया गेली असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

त्या सकाळी मात्र डॉ. मुकुंद भोयर आले तेव्हा यंत्र दाखवायची वेळच आली नाही. भोयर हे त्याच आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नवजात रुग्णालयाचे प्रमुख. बोलणं मोजकं, चालणं घाईचं. ते दारातच उभे राहून म्हणाले, “मॅडम, तुमची नात सकाळपासून दूध ओढत नाही.”

इरावतीबाईंच्या हातातला चिमटा तसाच हातात राहिला. त्यांची मुलगी रेवा त्याच रुग्णालयात बाळंत झाली होती, आणि आज बाळाची पाचवी होती. “ताप?”

“नाही. उलट अंग गार लागतंय. श्वास उथळ आहे.”

“वेचणी काय म्हणते?”

“स्वच्छ. सकाळी उठल्याउठल्या केली, आत्ता येताना पुन्हा केली. दोन्ही वेळा रक्तात जंतू नाही म्हणते.” भोयर आत आले आणि स्टूल ओढून बसले. “मला राखीव औषधाची परवानगी हवी आहे.”

ही परवानगी म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. एके काळी मलूल दिसणाऱ्या प्रत्येक तान्ह्या बाळाला डॉक्टर अंदाजानं प्रतिजैविक टोचत. रक्तात जंतू आहे की नाही हे ताटलीत वाढवून बघायचं तर दोन-तीन दिवस जात, आणि तान्ह्याचं दुखणं कोणासाठी थांबत नाही. अंदाजानं टोचता टोचता जंतू निर्ढावले. एकेक औषध पाण्यात जमा झालं आणि शेवटी एकच उरलं, ते कपाटात कुलूप लावून ठेवलं. तेच राखीव औषध. त्या सुमारास इरावतीबाईंनी वेचणी तयार केली. तळहातावर मावणारं यंत्र, त्यात घालायची एक सूक्ष्मप्रवाही पट्टी, बाळाच्या टाचेतलं थोडंसं रक्त, आणि चहाला उकळी फुटायच्या आत उत्तर. रस्ता नसलेल्या गावात परिचारिका ती पिशवीत घालून सायकलवर नेत असे. मग नियम झाला: वेचणीनं जंतू दाखवला तर औषध, नाही दाखवला तर कोणतंही प्रतिजैविक नाही. या नियमासाठी इरावतीबाई अकरा वर्षांपूर्वी मंत्रालयात भांडल्या होत्या. तो शिथिल करण्याचा अधिकार ज्या समितीला होता तिच्या अध्यक्षही त्याच होत्या, आणि त्यांनी तो आजवर एकदाही वापरला नव्हता.

“माझी नात आहे म्हणून नियम मोडू?” त्यांनी विचारलं.

“नात आहे म्हणून नाही. गेल्या काही महिन्यांत पाच बाळं अशीच गेली. दूध सोडलं, गार पडली, ताप नाही, वेचणी स्वच्छ. त्यातल्या दोघांसाठी मी तुम्हाला फोन केला होता.”

“आणि मी नाही म्हटलं.”

“हो.”

ते फोन इरावतीबाईंना चांगले आठवत होते. घाबरून औषध टोचायचे दिवस गेले, डॉक्टर, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांना बरंही वाटलं होतं.

“एकदा मला नीट समजावून सांगा,” भोयर म्हणाले. “रोज वापरतो, पण आत काय होतं ते कधी विचारलं नाही. कुकर लावणारा वाफेचं गणित कुठे विचारतो?”

इरावतीबाईंनी हे शेकडो वेळा सांगितलेलं होतं. आज शब्द जड जात होते, पण त्यांनी सांगितलं. “जंतूच्या अंगावर बाहेरून ऋण भार असतो. जवळजवळ सगळ्याच. माझ्या तंतूवर मी धन भार ठेवते. पट्टीत केसाएवढ्या नळ्या आहेत, त्यांत हे तंतू पिंजलेल्या कापसासारखे भरलेत. आधी एक चाळणी रक्तपेशी बाजूला काढते. उरलेला द्रव तंतूंमधून जातो. भार विरुद्ध, म्हणून जंतू चिकटतात. मग मी क्षाराचं पाणी सोडते. त्यानं तंतूचा भार जातो, पकड सुटते, आणि सगळे जंतू एवढ्याशा टिपक्यात गोळा होतात. गोळा झाले की प्रकाशानं मोजणं सोपं आहे. अवघड काम वेचण्याचंच.”

“आणि जो चिकटलाच नाही तो?”

“असं होत नाही.”

“कशावरून?”

“तंतूंमधून पुढे गेलेला द्रव आम्ही तपासलेला आहे. शेकडो वेळा. काही सापडलं नाही.”

“कशानं तपासला?”

“वेचणीनं,” इरावतीबाई म्हणाल्या.

“म्हणजे जाळं टाकलं, मासा आला नाही. खात्री करायला पुन्हा तेच जाळं टाकलं.”

“दर महिन्याला प्रत्येक वेचणीची परीक्षा होते, डॉक्टर.” त्यांचा आवाज चढला. “प्रत्येक केंद्राला आम्ही जिवंत जंतूंची कुपी पाठवतो. कुपीतला एकही सुटत नाही.”

“ते जंतू कुठले?”

“इथलेच. वेचणीच्या पहिल्या वर्षी तुमच्याच रुग्णालयातून घेतलेला वाण. तेव्हापासून खोल गोठवून जपलाय.” हे बोलताना त्यांचा त्यांनाच अर्थ लागत गेला. प्रयोगशाळेतली पोरं त्या वाणाला घरजावई म्हणत. आयतं खायचं, शीतकपाटात लोळायचं, बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही. बाहेरचे जंतू जगत होते, मरत होते, बदलत होते, आणि वेचणी मात्र वर्षानुवर्षं या घरजावयाला पकडून पैकीच्या पैकी गुण मिळवत होती. ज्या जंतूवर यंत्र जमवलं त्याच जंतूवर ते तपासत राहायचं, ही चूक प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या माणसाकडूनच होते. बाहेरच्याला एवढा चोख वाण मिळतच नाही.

त्यांनी परवानगी दिली नाही. नाकारलीही नाही. “आधी बाळ बघते,” म्हणून त्या उठल्या.

रेवाच्या खोलीत दोन खाटा होत्या. रेवा बाळाला छातीशी धरून बसली होती आणि बाळाचे ओठ मिटलेले होते. खाटेजवळ तिच्या सासूबाई, यमुनाबाई, पाचवीचं सामान पिशवीतच ठेवून उभ्या होत्या. रुग्णालयात पाटा-वरवंटा मांडू देत नसत. कोरा कागद आणि पेन तेवढं पाळण्याखाली चालायचं. बायकांनी वेचणीलाच सटवाई नाव ठेवलं होतं. पाचवीच्या आत येऊन कपाळावर काय लिहायचं ते लिहून जाते, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही, म्हणून.

“आई, ही तोंडच उघडत नाही,” रेवा म्हणाली. ती रडत नव्हती. रडायला सुरुवात केली तर बाळ हातातून सुटेल अशी भीती वाटत असावी, इतकी ती ताठ बसली होती.

इरावतीबाईंनी बाळाच्या पायाला हात लावला. पाय थंड होता. आजीचा हात लागल्यावर बाळानं पाय ओढून घ्यायला हवा होता, तो घेतला नाही.

“दोनदा चांगलं सांगतलं म्हनते तुमच्या मशीननं,” यमुनाबाई म्हणाल्या. “मंग लेकरू असं काहून करून राह्यलं, विहीनबाई?”

“तेच बघतेय.”

“माह्या पोराचं असंच झालं होतं,” पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. भिंतीला पाठ लावून एक बाई बसली होती. तिच्याजवळ पाळणा नव्हता. “ताप नव्हता. रडलाबी नाही. मले वाटलं, झोपला.”

ही प्रतिभा मडावी. तिचं बाळ या आठवड्यातच गेलं होतं. टाके चिघळले म्हणून तिला अजून घरी सोडलं नव्हतं. भोयर इरावतीबाईंच्या मागे उभे होते आणि खाली बघत होते. त्यांच्याकडे बघितल्यावर इरावतीबाईंना कळलं, की दुसरा फोन याच बाईच्या मुलासाठी होता. फोनवर ते एक प्रकरण होतं. इथे त्या प्रकरणाला डोळे होते आणि ते त्यांच्याकडेच बघत होते.

“डॉक्टरसायब म्हनले, रिपोट चांगला हाय,” प्रतिभा म्हणाली. तिनं तक्रारीचा सूर लावला नव्हता. झालं ते सांगितलं.

“डॉक्टर, थोडं रक्त घ्या,” इरावतीबाई म्हणाल्या.

“पुन्हा वेचणी?” रेवानं विचारलं.

“नाही. वेचणीत जे अडकत नाही ते बघायचंय.”

कुपी त्यांनी स्वतः नेली. प्रयोगशाळेत त्यांनी ते रक्त पट्टीतून जाऊ दिलं आणि तंतूंवर काय अडकलं याकडे ढुंकूनही न बघता, पुढे निघून गेलेला द्रव गोळा केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या यंत्राचं सांडपाणी जपून हाताळत होत्या. तो द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवला. सेंट्रिफ्यूज वजनावर चालतं, भाराशी त्याला देणंघेणं नसतं. तळाशी जो किंचित गाळ बसला तो काचेवर घेऊन त्यात काळ्या शाईचा थेंब मिसळला, आणि कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढलं. शाळांच्या सहली आल्या की पोरांना दाखवण्यापुरताच तो आता उरला होता.

बराच वेळ त्या डोळा लावून बसल्या. मग उठल्या आणि भोयरना जागा दिली.

“काळं आहे,” भोयर म्हणाले. “आणि त्याच्यात आणखी काळे ठिपके. पुष्कळ.”

“ते जंतू आहेत.”

“शाईत जंतू उजळ दिसतात, मॅडम. आम्हाला पहिल्या वर्षालाच दाखवतात.”

“उजळ का दिसतात? शाईवर ऋण भार असतो. जंतूवरही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात, शाई अंगाला लागत नाही. यांच्या अंगाला लागलीय.”

भोयर डोळा न काढता म्हणाले, “म्हणजे यांच्या अंगावर ऋण भार नाहीच.”

“त्यांनी अंगावरचा लेप बदललाय. माझ्या तंतूला हे दिसलेसुद्धा नाहीत. शेजारून निघून गेले.” इरावतीबाई ओट्याला टेकल्या. “अकरा वर्षं आपण एकच गोष्ट नेमानं केली, डॉक्टर. जो सापडला त्याला मारलं. जो सापडला नाही त्याला सोडलं. गावोगाव, रोज. पहिल्यांदा असा भार नसलेला लाखात एखादा असेल. आता तेच उरलेत.”

“आमच्याकडे धान करायचे,” भोयर म्हणाले. “निंदणाऱ्या बाया दिसेल ते गवत उपटायच्या. पुढे पुढे धानाच्या बांधीत एक गवत उरलं, हुबेहूब धानासारखं. लोंबी येईपर्यंत ओळखू यायचं नाही. वडील म्हणायचे, हे गवत आपल्याच बायांनी घडवलं.”

“मी घडवलं,” इरावतीबाई म्हणाल्या. त्यांना शरम वाटत होती. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी त्यांना हायसंही वाटत होतं, कारण दुखणं सापडलं होतं, आणि सापडलेल्या दुखण्याला औषध असतं. “परवानगी दिली. चला.”

दोघं आवार ओलांडायला निघाले. भोयर जवळजवळ धावतच होते. कडुलिंबापाशी आल्यावर इरावतीबाईंनी सहज विचारलं. त्या पदार्थविज्ञानाच्या, औषधांतलं त्यांना फारसं कळत नसे. “हे राखीव औषध जंतूला मारतं कसं?”

“सोपं आहे. त्याच्या रेणूवर धन भार असतो. जंतूच्या ऋण भाराला तो चिकटतो आणि कातडी...” भोयर थांबले. पायही थांबले.

ज्या हातानं वेचणी जंतू पकडत होती त्याच हातानं औषधही पकडत होतं. तो हात या जंतूंच्या अंगावरून घसरत होता.

“बाळाच्या शरीरातलं पहिलं हत्यारही तेच आहे,” भोयर पुटपुटले. “धन भाराचे छोटे रेणू. रक्तात, कातडीवर, आतड्यात. म्हणून ताप नाही. घरात कोणी शिरलंय हे शरीराला कळलेलंच नाही.” ते कडुलिंबाच्या पारावर बसले. “राखीवच्या पुढे माझ्याकडे काही नाही, मॅडम.”

इरावतीबाई उभ्याच राहिल्या. समोर रुग्णालयाची खिडकी दिसत होती आणि तिच्या आत त्यांची मुलगी वाट बघत होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. विचार करायची त्यांना सवय होती आणि त्या क्षणी दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्या विचार करत राहिल्या. हे जंतू इतकी वर्षं राहिले कुठे? काय खाऊन, काय सोसून?

“डॉक्टर, या जंतूंना आजवर कोणतं औषध दिलं गेलंय?”

“या? कोणतंच नाही. वेचणी स्वच्छ असेल तर आपण काही देतच नाही. नियमच तसा...” भोयरनी मान वर केली.

“औषधं ज्यांना दिली ते सापडलेले होते. हे न सापडलेले. यांच्या बापजाद्यांनीही औषध बघितलेलं नाही. आणि औषधाविरुद्धचं चिलखत फुकट मिळत नाही, ते अंगावर वागवावं लागतं. औषधच नसेल तर बिनचिलखताचे जंतू भराभर वाढतात आणि चिलखतवाले मागे पडतात. नियमासाठी मी मंत्रालयात हेच तर सांगत होते. नियम चालला, डॉक्टर. जंतू औषधं विसरले. फक्त विसरलेल्या जंतूंना औषध द्यायचं, एवढंच आपण केलं नाही.” त्या भराभर बोलत होत्या. “भारावर न चालणारं एखादं जुनं औषध सांगा. अगदी जुनं.”

“अँपिसिलिन. जंतू वाढताना भोवती भिंत बांधतो, ती ते बांधू देत नाही. भाराचा फारसा प्रश्न नाही. पण मॅडम, माझ्या शिकण्याच्या काळातच त्याचं पाणी झालं होतं. जंतू त्याला हसायचे.”

“ते जंतू मेले. आपण मारले.”

“निदान दोन्ही देऊ. राखीवही आणि हेही.”

“राखीव मूत्रपिंडं जाळतं, असं तुम्हीच समितीला लिहून दिलं होतं. जे औषध चिकटणारच नाही त्यासाठी तिची मूत्रपिंडं घालवायची?”

भोयरनी नाइलाजानं मान हलवली. दवाखान्याच्या भांडारात अँपिसिलिन नव्हतं. कोणी मागतच नसल्यामुळे कित्येक वर्षांत मागवलेलं नव्हतं. दोघं रेवाच्या खोलीत आले आणि यमुनाबाई चिठ्ठी घेऊन खाली रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. तेवढ्यात रेवानं आईच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

“ते कुलपातलं मोठं औषध आणलंस ना?”

“नाही. साधं देतोय.”

“साधं?” रेवाचा आवाज फाटला. “तुझा नियम मोडेल म्हणून? आई, ही माझी मुलगी आहे.”

“नियम मोडला, रेवा. मोडला म्हणूनच साधं देता येतंय.” यापुढे समजावण्यासारखं पुष्कळ होतं, पण मुलीच्या तोंडाकडे बघून त्यांना ते जमलं नाही. चुकलो तर ही मला आयुष्यात माफ करणार नाही, आणि करूही नये, असं त्यांना वाटलं.

यमुनाबाई धापा टाकत आल्या. “मेडिकलवाला म्हने, हे आता कोनी नेतच नाही. मांगच्या खनातून काढून देल्लं त्यानं.” त्यांच्या मुठीत बोटाएवढी बाटली होती. भोयरनी दोनदा तिच्यावरची मुदत वाचली आणि मग औषध सुईत भरलं.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. भोयर अधूनमधून येऊन छातीला स्टेथोस्कोप लावून जात. रेवा भिंतीकडे तोंड करून बसली. बाळ पिवळट-राखी रंगाचं झालं होतं. प्रतिभा आपल्या खाटेवरून त्या बाळाकडे एकटक बघत होती, आणि ते बघणं कसलं आहे हे कोणालाच कळत नव्हतं. एकदा ती उठून आली, आपली शाल रेवाच्या पाठीवर घातली आणि परत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावतीबाईंनी बाळाच्या ताज्या रक्तातला गाळ पुन्हा शाईत मिसळून काचेवर घेतला. ठिपके विरळ झाले होते. जे होते त्यांतले बरेच फुटलेले, कुरतडल्यासारखे दिसत होते. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. आशेलाही पुरावा मागायची त्यांची सवय अजून सुटली नव्हती.

दुपारी बाळ रडलं. रडणं कसलं, चिरका आवाज होता नुसता, पण यमुनाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून रडू लागल्या. थोड्या वेळानं बाळानं तोंड उघडलं आणि दूध ओढलं. एकदा, मग पुन्हा. रेवानं आईचा हात धरला आणि सोडला नाही. इरावतीबाईंना अतोनात आनंद झाला होता. त्या आनंदात पलीकडच्या खाटेकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

प्रतिभालाही त्याच दुपारी सुट्टी मिळाली होती. तिनं कपडे पिशवीत भरले, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता रेवाच्या खाटेपाशी थांबली. तिनं टेबलावरची रिकामी बाटली उचलून हातात फिरवली.

“हेच का ते औषध, मॅडम?”

“हो.”

“नवं निंगालं का?”

“नाही. जुनं आहे. तुमच्या आजीच्या वेळचं.”

“माह्या पोराच्या वक्ती नव्हतं?”

“दवाखान्यात नव्हतं,” इरावतीबाई म्हणाल्या. “खालच्या मेडिकलमध्ये होतं.”

प्रतिभानं खिडकीतून खाली बघितलं. मेडिकलची पाटी तिथून दिसत होती. “मंग काहून नाही देल्लं?”

“ताई, तेव्हा रिपोर्ट...” भोयरनी सुरुवात केली. इरावतीबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“डॉक्टरांनी औषध द्यायची परवानगी मागितली होती. मी नाही म्हटलं.”

डॉक्टरांनी मागितलेलं औषध वेगळं होतं, आणि त्याचा काही उपयोगही झाला नसता. हे बोलायला सोपं होतं आणि खरंही होतं. इरावतीबाई ते बोलल्या नाहीत.

प्रतिभा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं भोयरना वाटून गेलं. तिनं बाटली होती तिथे ठेवली आणि पिशवीचा बंद सारखा केला.

“आता कोनाले नाही म्हनू नका,” ती म्हणाली.

याचा अर्थ काय होतो, हे त्या खोलीत एकट्या इरावतीबाईंनाच पुरतं कळत होतं. आता मलूल दिसेल त्या प्रत्येक बाळाला अंदाजानं हे औषध टोचलं जाणार. बाळं वाचतील. जंतू हळूहळू हे औषध शिकतील, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, आणि जिथून आपण निघालो होतो तिथेच सगळे परत येतील. या वेळी मात्र त्या जंतूंना ना वेचणी पकडू शकेल ना राखीव औषध. जी बाळं अजून जन्माला यायची होती त्यांच्या वाटचं औषध आजपासून खर्ची पडायला लागणार होतं. प्रतिभा उत्तराची वाट बघत उभी होती.

“नाही म्हणणार नाही,” इरावतीबाई म्हणाल्या.